पाल्याच्या अर्काची नॅनोफायबर पट्टी: जखमेवर खरंच चालते का?

सुरंगी
नमस्कार मंडळी. माझी पुतणी मुंबईत एम.एस्सी. करते. तिने प्रकल्पाला घेतलेला विषय असा: झाडपाल्याचा अर्क पॉलिमरमध्ये मिसळायचा, त्याचे नॅनोफायबर म्हणजे केसाहून कितीतरी बारीक तंतू काढायचे आणि त्या तंतूंची पट्टी जखमेवर लावायची. जंतूही मरतील आणि जखमही लवकर भरेल. वनस्पती कोकणातल्याच हव्यात म्हणून तिने घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर विचारलं. झालं, जो तो वैद्य झाला. जाऊबाई म्हणाल्या दगडीपाला, सासूबाई म्हणाल्या उंडीचं तेल, मोठे दीर म्हणाले रानमोडी. एका भाच्याने बिब्बा सुचवला, त्याला गप्प बसवलं.

मला विचारायचंय की ह्यातलं नेमकं काय घ्यावं? आणि दुसरा प्रश्न जरा आगाऊ आहे. नेटवर शोधलं तर असे शोधनिबंध ढिगाने सापडतात. प्रत्येकात जंतू मरतात, प्रत्येकात उंदराची जखम भरते. मग आमच्या वेंगुर्ल्याच्या मेडिकलमध्ये अजून गॉज, चिकटपट्टी आणि आयोडीनचं मलमच का मिळतं? पुतणीला विचारलं तर म्हणते, "काकी, तू आमच्या गाईडसारखं बोलू नको."

वेतोबाचो गडी
रानमोडी! दुसरा काय नको. कोयती लागली काय पालो चुरगाळूचो, रस पिळूचो आणि फडको बांधूचो. आमच्या आजयेन पीएचडी न करता ह्या काम केल्यान.

चाकरमानी दादर
+१. शिवाय रानमोडी कितीही न्या, कमी पडणार नाही. उलट कोणी ट्रक भरून नेली तर आमच्या वरकसाच्या जमिनीवर उपकारच होतील.

मायक्रोबाई
सुरंगीताई, विषय चांगला आहे, पुतणीला नाउमेद करू नका. आधी ही पट्टी बनते कशी ते सांगते, म्हणजे पुढची भांडणं नीट करता येतील. ह्या पद्धतीला इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणतात.

सिरिंजमध्ये पॉलिमरचं द्रावण भरतात. पीव्हीए नावाचं पॉलिमर पाण्यात विरघळतं, स्वस्त आहे, म्हणून विद्यार्थी बहुतेक तेच घेतात. पीसीएल हे दुसरं पॉलिमर घ्यायचं तर सेंद्रिय द्रावक लागतो. सुईला साधारण 15 ते 20 हजार व्होल्टचा दाब देतात आणि समोर 12-15 सेंटिमीटरवर अर्थिंग केलेला पत्रा किंवा फिरता ड्रम ठेवतात. पंप अगदी सावकाश, तासाला एखादा मिलिलिटर द्रावण ढकलतो. सुईच्या टोकाला थेंब लोंबतो. विजेचा जोर पुरेसा झाला की तो गोल राहत नाही, त्याचा शंकू होतो. ह्याला टेलर शंकू म्हणतात, कारण जी. आय. टेलर यांनी 1964 मध्ये त्याचं गणित मांडलं. शंकूच्या टोकातून बारीक धार सुटते, वाटेत वेडीवाकडी भिरभिरते, तेवढ्यात द्रावक उडून जातो आणि पत्र्यावर पांढरी जाळी साचत जाते. जत्रेत म्हातारीचे केस बनताना पाहिले असतील, दिसायला तसंच. ही कल्पनाही आजची नाही. 1902 मध्ये कूली आणि 1934 मध्ये फॉर्महाल्स यांनी ह्याची पेटंटं घेतली होती.

तंतूची जाडी 100 ते 500 नॅनोमीटर. माणसाचा केस 50 ते 100 मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर), म्हणजे हे तंतू शेकडो पट बारीक झाले. ह्या मापाला महत्त्व आहे, कारण आपल्या त्वचेत पेशी ज्या कोलॅजन ह्या प्रथिनाच्या जाळ्यात राहतात त्याचे तंतूही साधारण ह्याच जाडीचे असतात. नवीन पेशींना पाय रोवायला ओळखीची जागा मिळते. जाळीतून हवा आणि वाफ जाते, जखमेचा स्राव शोषला जातो, आणि छिद्रं इतकी लहान की बाहेरचे जिवाणू सहसा आत शिरत नाहीत.

आता गंमत बघा. हे सगळे फायदे पाल्याचा एक थेंबही न घालता मिळतात. पुढच्या चर्चेत हे विसरू नका.

खाजणकाठ
वाचतोय. चणे घेऊन बसलोय.

चाकरमानी दादर
मायक्रोबाई, मग पाला घालायचाच कशाला?

मायक्रोबाई
कारण नुसती जाळी जंतू अडवते, मारत नाही. जखमेत आधीच जंतू असले तर काहीतरी मारणारं हवं. अँटिबायोटिक घातलं तर जंतू त्याला सरावण्याची भीती, चांदी घातली तर खर्च आणि जास्त झाली तर पेशींनाही त्रास. म्हणून लोक वनस्पतींकडे वळतात.

पानं सावलीत वाळवायची, कुटायची, मेथॅनॉल किंवा इथेनॉलमध्ये भिजवायची, गाळायची, द्रावक उडवायचा. भांड्याच्या तळाशी काळपट हिरवा चिकटा उरतो, तो अर्क. तो पॉलिमरच्या द्रावणात मिसळून वरचाच उद्योग करायचा. मग जंतू वाढवायच्या आगरच्या थाळीवर स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि ई. कोलाय हे जिवाणू पसरायचे, वर जाळीची चकती ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ किती मिलिमीटरचं आहे ते मोजायचं. निबंधातलं "जंतू मरतात" म्हणजे पुष्कळदा एवढंच.

काजूबोंडू
त्या वर्तुळावर फार भुलू नका. आमचा छोटा काजू कारखाना आहे म्हणून सांगते. काजूच्या टरफलातल्या तेलात अनाकार्डिक आम्ल असतं. स्टॅफिलोकोकसवर ते छान चालतं, हे प्रयोगशाळांत दाखवून झालंय. थाळीवर मस्त वर्तुळ पडेल. आणि आता आमच्याकडे बी फोडायला बसणाऱ्या बायकांचे हात बघा. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांची टोकं काळी, कडेची साल सुटलेली. कामाला बसण्याआधी हाताला एरंडेल चोळतात, काही जणी राख लावतात. हातमोजे दिलेत, पण मोज्यात बी नीट धरता येत नाही, तुकडा पडला की भाव पडतो, म्हणून दुपारपर्यंत मोजे बाजूला जातात.

तर जंतू मारणारं तेल माणसाची कातडीही जाळतं. पुतणीला सांगा, वर्तुळ मोजायच्या आधी हे डोक्यात ठेव.

मायक्रोबाई
काजूबोंडूताई, इतकं नेमकं उदाहरण मला वर्गात कधी सुचलं नव्हतं, उद्याच वापरते.

ह्याच कारणासाठी अर्काची पेशींवर चाचणी करतात. फायब्रोब्लास्ट म्हणजे जखम भरून आणणाऱ्या पेशी वाढवायच्या, त्यांना अर्क द्यायचा आणि किती जिवंत राहिल्या ते रंग घालून बघायचं. अजून एक फरक म्हणजे मात्रेचा. बरीशी अँटिबायोटिकं मिलिलिटरला काही मायक्रोग्रॅममध्ये काम करतात. कच्चे अर्क पुष्कळदा मिलिग्रॅमच्या घरात लागतात, म्हणजे हजारपट. आता जाळीच्या एका चकतीचं वजनच काही मिलिग्रॅम. त्यात अर्क मावणार किती? जास्त कोंबला तर द्रावण बिघडतं, तंतूंना मणी पडतात किंवा तंतूच होत नाहीत.

डॉ. तिठा
सर्जन आहे, सिंधुदुर्गातच प्रॅक्टिस. दोन-तीन गोष्टी.

पहिली, "जखम उघडी ठेवा, वारा लागू दे, सुकू दे" हे अजून घरोघरी ऐकू येतं. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवीन कातडी उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने येते. खपली म्हणजे नव्या पेशींच्या वाटेतला अडथळा. नॅनोफायबरची जाळी ओल धरते आणि तरी घुसमटवत नाही, त्यामुळे कल्पना म्हणून मला पटते.

दुसरी, कोयतीची ताजी जखम तरुण माणसात कशानेही भरते. रानमोडीने भरते, हळदीने भरते, काही न लावताही भरते. (गडीबुवा, रागावू नका.) ज्या जखमा भरत नाहीत त्यांच्यासाठी नवीन पट्टी हवी. माझ्याकडे येणारा नेहमीचा पेशंट म्हणजे पंधरा वर्षांचा मधुमेह, पायाला संवेदना नाही, अंगणात अनवाणी, काटा गेला ते कळलं नाही, घरी आठ-दहा दिवस पाला बांधला आणि मग पाय काळा पडल्यावर आणला. तिथे आधी साखर, मेलेला भाग काढणं, पायावरचा भार कमी करणं, रक्तपुरवठा बघणं. पट्टी त्यानंतर. कुठलीही.

तिसरी, अशा जखमांत स्यूडोमोनाससारखे ग्रॅम-निगेटिव्ह जंतू बरेच सापडतात. हिरवट पू बघितला की आम्हाला शंका येतेच. ह्या जंतूंना बाहेरून जादा आवरण असतं आणि वनस्पतींचे अर्क तिथे सहसा कमी पडतात. पुतणीने फक्त स्टॅफिलोकोकसवर प्रयोग करून "जिवाणूरोधक" लिहू नये.

वेतोबाचो गडी
रागावतंय कित्याक डॉक्टरानू. पण रगात थांबता ह्या तरी मानशात? माज्या डोळ्यान बघितलंय.

डॉ. तिठा
रक्त थांबतं हे मान्य. व्हिएतनाममध्ये ह्याच रानमोडीच्या पानांचा अर्क जखमांवर आणि भाजण्यावर वापरला गेला आहे. पण शेतातली पानं न धुता चोळणं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन न घेणं ही जोडी मला नको.

निगडीपाला
रानमोडी मूळची अमेरिकेतली, बरं का. दगडीपालाही तिकडचाच. "आजीचं पारंपरिक औषध" म्हणून ज्याच्यावर आपण हक्क सांगतो ती दोन्ही झाडं परदेशी तण आहेत. रानमोडीत पायरोलिझिडीन अल्कलॉइड असतात, यकृताला वाईट. वरून लावण्यात धोका पोटात घेण्याइतका नसला तरी उघड्या जखमेवर रोज लावायच्या पट्टीत ते किती उतरतात हे तपासायलाच हवं.

चाकरमानी दादर
म्हणजे मिरची, काजू, बटाटा आणि आता रानमोडीही परदेशी. आमचं म्हणून काही उरलं की नाही?

निगडीपाला
कोकम आहे की. उंडी आहे.

वैद्य परशुरामकाठ
इतका वेळ गप्प होतो. सुश्रुतसंहितेत व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. धुणं, शोधन, रोपण, बंधन, सगळं आलं त्यात. जखम स्वच्छ होईपर्यंत एक द्रव्य, भरायला लागली की दुसरं, हा विचार तिथे आहे. आजच्या पट्टीत पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच अर्क असतो.

आणि माझा खरा आक्षेप वेगळा. जात्यादि तेल तेलात सिद्ध होतं. मध-तूप वापरतो ते मध-तूप म्हणूनच. आजी पाला चोळते तो ताजा स्वरस. मेथॅनॉलमध्ये भिजवून काढलेला चिकटा ह्यांपैकी कशातच बसत नाही. त्यात उतरणारी द्रव्यं वेगळी, सुटणारी वेगळी. मग निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात "आयुर्वेदात हजारो वर्षं वापरात" असं का लिहिता? तुमचा पदार्थ नवा आहे, त्याला नव्यासारखं तपासा.

डॉ. तिठा
वैद्यबुवा, आयुष्यात पहिल्यांदा आपलं एकमत झालं. तारीख लिहून ठेवतो.

वैद्य परशुरामकाठ
ठेवा. पुन्हा होईल असं वाटत नाही.

पावसाळी प्रयोग
मी हे केलंय, म्हणून लिहितो. पदव्युत्तरला असताना किनाऱ्यावरच्याच एका कॉलेजात. कोकणात इलेक्ट्रोस्पिनिंग करणाऱ्याचा खरा शत्रू जंतू नसून हवा आहे.

मार्चमध्ये पीव्हीएचे सुंदर तंतू येत होते. सूक्ष्मदर्शकाखाली गुळगुळीत, एकसारखे. जून लागला आणि सगळं बिघडलं. तेच द्रावण, तोच दाब, तीच सुई. ड्रमवर जाळीऐवजी ओलसर पापुद्रा. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असेल तर तंतूमधलं पाणी वाटेत उडायचं कसं? अर्धे ओले तंतू एकमेकांना चिकटतात, मणी पडतात, विजेचा भारही ओल्या हवेत गळतो. फॉइलवरून सोलायला गेलं तर तुकडा बोटालाच चिकटायचा. एसी होता, पण खिडकीच्या फटीला जुनी गोणपाटं कोंबलेली. डीह्युमिडिफायर मागितला, तर कागद फिरता फिरता दसरा आला आणि तोवर हवाच कोरडी झाली. मग म्हणाले, आता कशाला हवा?

पुतणी मुंबईत आहे म्हणजे तिथेही तीच गत. बंद पेटीत, आर्द्रता 40-50 टक्क्यांवर ठेवून काम कर म्हणावं. आणि प्रत्येक नमुन्यापुढे त्या दिवसाची आर्द्रता लिही. नाहीतर मार्चची पट्टी आणि जुलैची पट्टी ह्यांची तुलना करून "अर्कामुळे तंतू जाड झाले" असं काहीतरी लिहून बसेल.

पीव्हीएचं अजून एक. ते पाण्यात विरघळतं, म्हणजे जखमेच्या ओलीतही विरघळतं. पट्टी लावली की तासाभरात बुळबुळीत. त्यासाठी तंतूंची एकमेकांत गाठ मारावी लागते. ग्लुटारल्डिहाइडची वाफ देतात, पण ते स्वतः पेशींना विषारी, उरलं तर सगळंच मुसळ केरात. तापवून किंवा सायट्रिक आम्लानेही होतं.

सुरंगी
बाप रे. एवढं सगळं तिला ठाऊक आहे की नाही कोण जाणे. धागा तिला पाठवलाय. सासूबाई विचारतायत, उंडीच्या तेलाबद्दल कोणी बोललं नाही. त्यांच्या माहेरी परड्यात मोठी उंडीण होती, बिया वाळवून घाण्यावर द्यायचे आणि हिरवं दाट तेल यायचं. खरूज, भेगा, गुरांच्या जखमा, सगळ्याला तेच.

निगडीपाला
सासूबाईंना नमस्कार सांगा. उंडी म्हणजे कॅलोफायलम इनोफायलम. पॅसिफिक बेटांवर ह्याच तेलाला तामानू म्हणतात आणि तिकडेही ते जखमांवर लावतात. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात चिमूटभर बाटलीला भरमसाट पैसे. आपण त्याचे दिवे लावले आणि लाकडाच्या डोलकाठ्या केल्या. त्यातल्या कॅलोफायलोलाइड ह्या द्रव्यावर जखमेच्या संदर्भात कामही झालंय. मला विचाराल तर रानमोडीपेक्षा उंडी घ्यावी.

मायक्रोबाई
उंडी घ्यायला हरकत नाही, पण तेल पाण्यातल्या पीव्हीएमध्ये मिसळणार नाही. एकतर दुधाळ मिश्रण करून घ्यावं लागेल, नाहीतर पीसीएल आणि सेंद्रिय द्रावक. दुसऱ्या वाटेने गेल्यास जाळीत द्रावक उरलेला नाही हे दाखवावं लागेल. हळदीचंही तसंच. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, उजेडात उडतं आणि अल्कधर्मी द्रवात टिकत नाही. जुनाट जखमा अल्कधर्मीपणाकडेच झुकलेल्या असतात. तंतूत बंद करून ते हळूहळू सोडता आलं तर तिथे नॅनोफायबरचा खरा उपयोग आहे. नाहीतर पहिल्या काही तासांतच सगळा अर्क बाहेर पडतो आणि उरलेले दिवस पट्टी रिकामी.

चाकरमानी दादर
हळदीवरून आठवलं, ते पेटंटचं प्रकरण कोकणच्याच माणसाने लढवलं ना?

खाजणकाठ
शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर ना? ते गोव्यातल्या माशेलचे. कोकणात धरायचे तर धरा, गोवेकर भांडायला येतील. मार्च 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला हळद जखमेवर वापरण्याचं अमेरिकन पेटंट मिळालं होतं. माशेलकर त्याच वर्षी सीएसआयआरचे, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे, महासंचालक झाले. जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवून आव्हान दिलं आणि 1997 मध्ये पेटंट रद्द झालं.

पण सुरंगीताई, मला ह्यातला पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तुमच्या सासूबाईंनी उंडीचं सांगितलं, पुतणीने पट्टी केली, उद्या एखाद्या कंपनीने ती उचलली. सासूबाईंच्या गावाला काय? 2002 चा जैवविविधता कायदा आहे, ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, लोक जैवविविधता नोंदवही असते. तुमच्या गावाच्या नोंदवहीत उंडीचा हा वापर लिहिलाय का बघा.

वेतोबाचो गडी
आमच्या गावची नोंदवही कपाटात आसा. कपाटाची चावी ग्रामसेवकाकडे. ग्रामसेवक तीन गावांचो.

काजूबोंडू
गडीबुवा, हसू की रडू.

चिपळूणचा फार्मावाला
मूळ धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नावर येतो, कारण तो सगळ्यांनी सोडूनच दिला. दुकानात का मिळत नाही?

एक म्हणजे एकसारखेपणा. औषध कंपनीला प्रत्येक खेपेत तोच माल हवा. पाल्याचा अर्क मे महिन्यात वेगळा, नोव्हेंबरमध्ये वेगळा, वेंगुर्ल्याचा वेगळा, दापोलीचा वेगळा. एखादं ठरावीक द्रव्य निवडून प्रत्येक खेपेत ते अमुक इतकं आहे असं मोजून दाखवावं लागतं. बऱ्याच निबंधांत अर्क "पानांचा अर्क" एवढाच असतो, आत काय आहे ते कोणी मोजलेलं नसतं.

दुसरं निर्जंतुकीकरण. उघड्या जखमेवर जाणारी वस्तू निर्जंतुक हवी. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांची वाफ असते. पीसीएल 60 अंशांच्या आसपास वितळतं, तंतूंचा गोळा होईल. पीव्हीएला वाफ चालत नाही. मग गॅमा किरण किंवा इथिलीन ऑक्साइड, आणि त्यानंतर अर्क शाबूत आहे हे पुन्हा दाखवणं आलं.

परवाना हे अजून वेगळं प्रकरण. मेडिकल डिव्हाइस नियम 2017 प्रमाणे धोक्यानुसार वर्ग पडतात. साधी पट्टी एका वर्गात. त्यात जंतू मारणारं काही घातलं की प्रश्न वाढतात: हे उपकरण की औषध? प्रकल्पाच्या शेवटी उंदरावर थांबतात ते त्यामुळेच. पुढचा खर्च विद्यापीठाच्या आवाक्यात नसतो.

वेगाचं म्हणाल तर एका सुईने तळहाताएवढी जाळी करायला तास जातात. बिनसुईची मोठी यंत्रं आहेत, चेक प्रजासत्ताकातल्या लिबरेत्समध्ये बनतात. होतं, पण त्यावर चालणारं गिऱ्हाईक आधी फिल्टरवाले, पट्टीवाले नंतर.

चाकरमानी दादर
गॅमा किरण? पट्टीला? म्हणजे आपल्या हापूससारखं! लासलगावला किरण देऊनच 2007 मध्ये अमेरिकेला आंबा जायला लागला.

चिपळूणचा फार्मावाला
हो, तत्त्व तेच. वैद्यकीय मालासाठी लासलगावला नव्हे, मुंबईत ट्रॉम्ब्याला आयसोमेड हे किरण देण्याचं केंद्र 1974 मध्ये सुरू झालं. आंब्यातल्या कोयकिड्यासाठी मात्रा बरीच कमी असते, पट्टीला कित्येक पट जास्त.

वेतोबाचो गडी
हापूस ह्यो शब्द इलो, आता धागो गेलो.

खाजणकाठ
जाऊ देऊ नका. मला अजून एक सुचवायचंय. आपण इतका वेळ पाल्यावर भांडतोय, पण पॉलिमरचं काय? कोळंबीच्या टरफलापासून कायटोसान बनतं. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत कोळंबी सोलली की टरफलं कचऱ्यात किंवा खतात. कायटोसान स्वतःच जंतूंना त्रास देतं आणि रक्त थांबवतं. अमेरिकन सैन्याने कायटोसानच्या पट्ट्या वापरल्यात. आणि तांबूस-तपकिरी सरगॅसम मालवणच्या खडकांवर उगवतं, तशा तपकिरी शेवाळातून अल्जिनेट मिळतं, त्याच्या पट्ट्या तर डॉक्टरांकडे आजही असतील.

डॉ. तिठा
असतात. स्राव जास्त असेल तर चांगल्या चालतात. भाव विचारू नका.

पावसाळी प्रयोग
कायटोसान एकट्याचे तंतू काढणं महाकठीण. अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवलं की द्रावण दाट आणि भारलेलं, धार तुटत राहते. पीव्हीए किंवा पीईओसारखं दुसरं पॉलिमर मिसळावंच लागतं. पण मिसळून येतं.

काजूबोंडू
आणि टरफलाचं कायटोसान करायला कडक कॉस्टिक सोडा लागतो, तोही गरम. ते सांडपाणी कुठल्या खाडीत सोडणार ते आधी सांगा.

खाजणकाठ
रास्त आहे. छोट्या प्रमाणावर, सोडा परत वापरून, अशी पद्धत बसवल्याशिवाय मीही हो म्हणणार नाही.

मायक्रोबाई
सुरंगीताई, आता पुतणीला सरळ उत्तर. वनस्पती कुठलीही घे, माझं मत उंडी किंवा कोकम. कोकमाच्या सालीत गार्सिनॉल हे द्रव्य आहे, ते मोजता येतं, म्हणजे फार्मावाल्यांचा पहिला आक्षेप निदान ऐकला जाईल. पण प्रयोगाची मांडणी अशी कर: एक गट साध्या गॉजचा, एक अर्क नसलेल्या कोऱ्या जाळीचा, एक अर्काच्या जाळीचा, आणि एक बाजारात मिळणाऱ्या औषधी पट्टीचा. बऱ्याच निबंधांत कोरी जाळी नसते किंवा असली तरी आकडे घाईत उरकलेले असतात. कोरी जाळी आणि अर्काची जाळी ह्यांत फरक पडला नाही तर जखम जाळीने भरली, पाल्याने नाही. तसं निघालं तर तसंच लिही. तेही काम आहे.

आणि ज्या झाडाचा पाला घेशील त्याची फांदी दाबून वाळवून वनस्पतीशास्त्र विभागात ठेव, जागा आणि महिना लिहून. दगडीपाला म्हणून गावोगाव वेगवेगळी झाडं दाखवतात.

सुरंगी
तिचा मेसेज आला. "काकी, कोरी जाळी मी घेतलीच नव्हती, गाईडनी पण विचारलं नव्हतं. सगळ्यांना थँक्यू." कोकम घेतेय म्हणाली. सासूबाई रुसल्यात.

वैद्य परशुरामकाठ
त्यांना सांगा, उंडी पीएच.डी.ला घेईल.

भातखाचर
उशिरा आलो, पण माझा साधा प्रश्न आहे. लावणीच्या वेळी पायाला चिरा पडतात, बोटांच्या बेचक्यात कुजतं. असली पट्टी लावून चिखलात उतरलं तर चालेल का? लेप्टोचीही (लेप्टोस्पायरोसिसच्या तापाची) भीती असते आमच्याकडे.

डॉ. तिठा
नाही चालणार. चिखलात कुठलीच पट्टी टिकत नाही, आणि लेप्टोचे जंतू उंदीर आणि गुरांच्या मुतातून पाण्यात येतात आणि चिरेतून थेट रक्तात शिरतात. पट्टीतल्या पाल्याचा त्यांच्यावर काही भरवसा नाही. जखम असेल तर शक्यतो उतरू नका, उतरावंच लागलं तर गमबूट घाला. हंगामात आरोग्य केंद्रातून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात, त्या विचारून घ्या. ताप आणि पोटऱ्यांत वेदना आली तर त्याच दिवशी दाखवा.

भातखाचर
गोळ्या घेतो. गमबुटाचं म्हणाल तर मळ्यात पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. गेल्या वर्षीचा एक अजून शेतात आहे.